कॅम्पर व्हॅन घेऊन मुंबईबाहेर पडताय? आधी बेल्ट, वजन आणि हूक नीट बघून घ्या

आमची कॅम्पर व्हॅन म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली गाडी आहे, मागे पलंग, छोटा ओटा, टॉयलेट आणि पुढे तोंड करून सहा सीटा. तीन वर्षं झाली, मुलुंडहून कोकणात, नाशिकला, भंडारदऱ्याला बऱ्याच फेऱ्या झाल्यात आणि बहुतेक वेळा गाडी मीच चालवते. सोसायटीतले, ऑफिसातले लोक बघायला येतात तेव्हा गॅस कुठे, एसी रात्रभर चालतो का, पाणी किती दिवस पुरतं हे सगळं विचारतात, पण चालत्या गाडीत कोण कुठे बसतं हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. माझ्या मते पहिला प्रश्न हाच पाहिजे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

मागच्या दिवाळीत आम्ही पहाटे पाचला निघालो होतो. सासूबाईंना रात्री झोप झाली नव्हती म्हणून त्या मागे पलंगावर आडव्या झाल्या, मला आरशात दिसलं ते वाशी पुलानंतर, मग कळंबोलीला गाडी बाजूला घेतली आणि म्हटलं आई, तुम्ही सीटवर या आणि बेल्ट लावा, झोप तिथेही लागेल. "अगं जरा पाठ टेकते, रस्ता रिकामाच आहे" म्हणाल्या, पण आल्या. पळस्पे फाट्याच्या पुढे राँग साइडने बिनलाइटची बाइक समोर आली. मी ब्रेक दाबला तेव्हा काटा पन्नाससुद्धा नव्हता. वरच्या कप्प्याचं दार उघडलं आणि चकल्यांचा स्टीलचा डबा उडून माझ्या धाकट्याच्या चाइल्ड सीटपासून वीतभर अंतरावर आपटला, डब्याचा काठ आत चेपला गेला होता, लाकडी फ्लोअरिंगला खड्डा पडला. तो डबा मी अजून ठेवलाय. आणि पलंगावरची उशी पुढे पार गिअरच्या दांड्याजवळ आली होती. उशीच्या जागी कोण होतं दहा मिनिटांपूर्वी, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

तेव्हापासून आमच्याकडे इंजिन चालू झालं की सगळे सीटवर, सगळे बेल्टमध्ये. चहा करायचा असेल, बाथरूमला जायचं असेल, बाळाचं डायपर बदलायचं असेल तर सांगायचं, मी पुढच्या पंपावर किंवा ढाब्यावर गाडी थांबवते. पाच मिनिटं उशीर झाला तर होऊ दे.

पहिलं काम: सीटखाली वाकून बघा

ताशी ५० च्या वेगाने गाडी कशावर तरी आदळून थांबली तर आत मोकळ्या बसलेल्या माणसाला बसणारा दणका हा साधारण १० मीटरवरून म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून पडल्यासारखा असतो. दहा किलोचं बाळ मांडीवर असेल तर त्या क्षणी तुमच्या हातांना ते साधारण १४० किलोचं लागतं. आईचे हात कितीही घट्ट असोत, एवढं वजन धरता येत नाही, तो तिचा दोष नाही. म्हणून मांडीवर मूल घेऊन बसणं पूर्ण बंद.

आता बेल्ट आहे म्हणजे काम झालं असं नाही, तो बेल्ट कशाला अडकवलाय ते बघावं लागतं. आमची गाडी बांधून आली तेव्हा बेल्ट, बकल, कव्हर सगळं चकाचक होतं. सहा महिन्यांनी खडखड आवाज येतो म्हणून मी सीटखालचं फळकूट काढलं तर बेल्टची पट्टी चक्क १८ एमएमच्या प्लायला लाकडाच्या स्क्रूने बसवलेली, खालच्या पत्र्याशी तिचा काही संबंधच नाही. ज्याने बांधली त्याला विचारलं तर म्हणाला मॅडम, मागे कोण बेल्ट लावतंय. मी दुसरीकडे जाऊन सगळं उघडून घेतलं. सीटचा सांगाडा लोखंडी असायला हवा, तो गाडीच्या मूळ फ्लोअरमधून आरपार जाणाऱ्या हाय टेन्साइल बोल्टने बसवलेला असावा आणि खालच्या बाजूने जाड पोलादी प्लेट असावी म्हणजे बोल्ट पत्रा फाडून निघत नाही. मूळ कंपनीच्या सीटा आणि त्यांचे मूळ पॉइंट ठेवता आले तर सगळ्यात उत्तम. गाडी भाड्याने घेत असाल तरी मोबाइलचा टॉर्च मारून सीटखाली बघा, प्रत्येक बेल्ट झटक्यात ओढून लॉक होतो का बघा, बकल दाबलं की सुटतं का बघा. मालक वैतागला तर ती गाडी घेऊ नका.

प्रवासात बसायच्या सीटा पुढे तोंड असलेल्याच पाहिजेत. खिडकीला पाठ लावून बसायचा जो आडवा सोफा असतो तो गाडी उभी असताना गप्पा मारायला छान आहे, पण चालत्या गाडीत नाही. ब्रेक लागला की शरीर बाजूला पिळलं जातं, कंबरेचा बेल्ट असला तरी मान आणि पोट वाचत नाही, आणि त्या सोफ्यावर चाइल्ड सीट तर कधीच लावायची नाही. मागे तोंड असलेली डायनेटची म्हणजे जेवायच्या टेबलाची सीट असेल तर तिला उंच पाठ आणि हेडरेस्ट पाहिजे. आणि सीटा जेवढ्या तेवढीच माणसं. चुलत भाऊ, त्याची बायको, "आम्ही काय मागे बसू गादीवर" असं प्रेमाने म्हणणारे आपल्याकडे असतातच, त्यांना प्रेमानेच सांगायचं की तुम्ही ट्रेनने या, स्टेशनवर घ्यायला येतो.

कायदा पण तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ बी प्रमाणे बेल्ट न लावता गाडी चालवली किंवा बेल्ट नसलेले प्रवासी बसवले तर १००० रुपये दंड, आणि १४ वर्षांखालचं मूल बेल्टने किंवा चाइल्ड सीटने सुरक्षित नसेल तर त्यासाठी वेगळी तरतूद, त्यालाही १००० रुपये. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींच्या गाडीला अपघात झाला, त्यात मागच्या सीटवरचे दोघंही गेले, दोघांचे बेल्ट लावलेले नव्हते, पुढचे दोघं गंभीर जखमी झाले पण वाचले. गाडी महागडी होती, मजबूत होती. त्यानंतर मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून सगळ्या प्रवाशांना बेल्ट सक्तीचा झाला.

मुलांचं सांगते. अगदी तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून लावायची, कारण बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक, दणका सगळ्या पाठीवर पसरतो. समोर एअरबॅग असेल तिथे अशी सीट कधीच नाही. थोडं मोठं झालं की पाच पट्ट्यांचा हार्नेस असलेली पुढे तोंडाची सीट, आणि मग बूस्टर म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक, तो मूल साधारण साडेचार-पावणेपाच फुटांचं होईपर्यंत. वय बघू नका, पट्टा कुठून जातो ते बघा, खांद्याच्या मधून आणि कंबरेच्या हाडावरून जायला हवा, मानेवर किंवा पोटावर येत असेल तर अजून बूस्टर लागतोय. नुसत्या कंबरपट्ट्यावर बऱ्याच चाइल्ड सीट बसत नाहीत, खरेदी करण्याआधी आपल्या गाडीत लावून बघा. हार्नेस घातल्यावर खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा, चिमटीत आला तर सैल आहे. आणि थंडीत जाड जॅकेट घालून हार्नेस लावू नका, आधी बेल्ट मग वरून शाल.

आजी-आजोबांना बेल्ट टोचतो म्हणून ते तो काखेतून घेतात किंवा पाठीमागे टाकतात. असं केलं तर बरगड्यांना मार बसतो. सासूबाईंसाठी मी सीटवर पातळ उशी दिली, उंची दोन इंच वाढली आणि पट्टा बरोबर खांद्यावर आला, तेव्हापासून तक्रार नाही. गरोदर बाईने कंबरेचा पट्टा पोटाच्या खालून मांड्यांच्या वर घ्यायचा आणि खांद्याचा पट्टा छातीच्या मधून पोटाच्या बाजूने.

मग वजन

याबाबतीत बहुतेक लोक अंदाजावर चालतात. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो. घरच्या इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी एकेक पन्नास किलोच्या पुढे. फर्निचर, एसी, सोलर पॅनल, छत्री, खुर्च्या, सहा माणसं आणि त्यांच्या बॅगा धरा आणि मग आरसी वरचं एकूण वजन बघा. मोजायचं सोपं आहे, कळंबोलीच्या लोखंड बाजाराच्या आसपास वजनकाटे आहेत, तिथे पूर्ण भरलेली गाडी माणसांसकट न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा एकूण वजन मर्यादेत होतं पण मागच्या ॲक्सलवर जास्त आलं होतं, कारण पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि पलंगाखालचं सगळं सामान मागच्या चाकांच्याही मागे. अशाने पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हवेत असल्यासारखं वाटतं आणि ओल्या रस्त्यावर गाडी सरळ जाते, वळत नाही. आम्ही बॅटऱ्या दोन ॲक्सलच्या मध्ये खाली घेतल्या. जड ते खाली आणि मध्ये, हलकं ते वर, वरच्या कप्प्यांत कपडे, टॉवेल आणि चिप्सची पाकिटं एवढंच. पाणी मुक्कामाच्या जवळ भरायचं, प्रवासात टाकी पाव भरलेली पुरते, अर्धवट टाकीत पाणी हिंदकळतं म्हणून आत आडवे पडदे असलेली टाकी घ्या.

टायर. अशा गाड्या वर्षाचे बरेच महिने उभ्या असतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते पण रबर वाळलेलं असतं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षं झाली आणि बाजूला बारीक भेगा दिसल्या की बदला, नक्षी कितीही असो. नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली तर कायद्यानेच टायर बाद. हवा थंड टायरमध्ये, निघायच्या आधी, आणि तुमच्या वजनाला जेवढी सांगितलीय तेवढी. हवा कमी असेल तर टायरची बाजू सतत दबत राहते, तापते आणि उन्हाळ्यात काँक्रीटच्या रस्त्यावर फुटते. समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर सरळ काँक्रीट आहे, तिथे जाताना हे दोनदा तपासा. चाक बदललं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरवर थांबून नट परत आवळा. स्टेपनीत हवा आहे ना आणि जॅक भरलेल्या गाडीचं वजन उचलतो ना, हे घरी करून बघा, पेणच्या रस्त्यावर पावसात नाही.

सुटं सामान आणि गॅस

वरच्या कप्प्यांना चुंबकाची किंवा स्प्रिंगची कडी पुरत नाही, दाबून फिरवायची लॅच लावा, बाजारात पुश लॉक म्हणतात. आतून जाळी पण लावा. मिक्सर, कुकर, लॅपटॉप, पाण्याचा कॅन, सगळं खालच्या बंद कप्प्यात. फ्रीजच्या दाराला कुलूप. पलंगावर बॅगा ठेवायच्या असतील तर पट्ट्याने फ्लोअरच्या कड्यांना बांधून. कुत्रा असेल तर त्यालाही हार्नेस, तोही उडतो.

गॅस सिलिंडर कायम उभा, लोखंडी कडीत आवळलेला, आणि वेगळ्या कप्प्यात ज्याच्या तळाला बाहेर उघडणारी भोकं आहेत. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, भोकं वरच्या बाजूला असून उपयोग नाही. गाडी सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह बंद, नॉब नाही, सिलिंडरचा व्हॉल्व्ह. आम्ही ५ किलोचा छोटा वापरतो. फायर एक्स्टिंग्विशर दाराजवळ ठेवा, ओट्याच्या मागे ठेवला तर आग ओलांडून घ्यायला जावं लागेल, आणि मागून बाहेर पडायची दुसरी वाट उघडते का ते महिन्यातून एकदा मुलांकडून उघडून घ्या.

कागदांचं थोडक्यात. ७५०० किलोपर्यंतच्या एकूण वजनाची गाडी एलएमव्ही म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते. मोटर कॅराव्हॅनसाठी म्हणजे अशा कॅम्पर गाड्यांसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, बांधणारा त्याबद्दल काय सांगतो ते लेखी घ्या. साधी प्रवासी गाडी आतून बदलून घेतली आणि आरसीवर नोंदच नसेल तर पासिंगला त्रास होतोच, शिवाय अपघातानंतर विमा कंपनी तोच मुद्दा पुढे करते. सीट किती, गाडी कोणत्या प्रकारात आहे, हे आरसीवर आणि पॉलिसीवर एकसारखं पाहिजे.

आता रस्त्यावर

गाडीची उंची एसी आणि कॅरिअर धरून टेपने मोजा आणि मोठ्या अक्षरात स्टिअरिंगसमोर चिकटवा. आमची २.९५ मीटर आहे. मुंबईत सबवे, रेल्वे पुलांखालचे हाइट गेज, मॉलची पार्किंग, सोसायटीचं पोडियम, सगळीकडे हा आकडा लागतो. मिलन सबवे किंवा अंधेरी सबवे पावसात भरतो ते वेगळंच. गणपतीत मंडपांच्या कमानी आणि लाइटिंगच्या माळा असतात. आणि गावात तर वेशीवरची कमान, खाली आलेली विजेची तार, आंब्याची फांदी. शंका आली की थांबा, एकजण उतरून बघू दे, कोणी मागून हॉर्न वाजवला तर वाजवू दे. नॅव्हिगेशन तुम्हाला कार समजून गल्लीत घालतं, म्हणून शेवटचे पाच किलोमीटर आदल्या रात्री मॅपवर डोळ्यांनी बघून ठेवा.

वळताना मागचा भाग उलट्या बाजूला फेकला जातो हे कारवाल्यांना माहीत नसतं. मागच्या चाकामागे तीन फूट बॉडी असेल तर साधारण फूटभर बाहेर येते, सहा फूट असेल तर दोन फूट. पंपावर मशीनच्या जवळून एकदम स्टिअरिंग फिरवलं की मागचा कोपरा मशीनवर जातो. आधी सरळ पुढे या, मग वळा. सवय करायला रविवारी सकाळी मोकळं मैदान शोधा, चार बादल्या ठेवा आणि तासभर वळवा, रिव्हर्स घ्या.

अंतराचा हिशोब वेगळा. ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, ब्रेक दाबायचं डोक्यात येऊन पाय पोचेपर्यंतच तीसेक मीटर संपलेले असतात, आणि मग भरलेली गाडी थांबायला लागणारं अंतर वेगळंच. पुढच्या गाडीने एखादा खांब ओलांडला की मनात मोजायचं, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन, एकशे चार. चारच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर फार जवळ आहात, पावसात सहापर्यंत न्या. मधे कोणीतरी गाडी घुसवणारच, मग परत मागे व्हायचं. मी मोकळ्या रस्त्यावर ७० ते ८० च्या वर जात नाही. आणि वेगमर्यादा वाहनाच्या प्रकारावर असते, कारसाठी लिहिलेला आकडा आपल्याला लागू आहे असं धरू नका, बोर्ड वाचा, एक्स्प्रेसवेवर कॅमेरे आहेत.

वाऱ्याचं अटल सेतूवर कळतं. २१.८ किलोमीटरचा पूल, त्यातला बराचसा उघड्या खाडीवर, आणि आपली गाडी म्हणजे बाजूने बघितली तर भिंत. जून-जुलैत वारा एका दमात गाडी अर्धा फूट सरकवतो. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग ६० च्या आसपास, आणि गाडी सरकली तर हळूच परत आणायची, झटका द्यायचा नाही. कंटेनर ओव्हरटेक करतो तेव्हा पण हेच, आधी गाडी बाहेर ढकलली जाते, मग आत ओढली जाते, दुसऱ्या ओढीला लोक फसतात.

घाट मात्र नीट समजून घ्या. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना किंवा इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना जड गाडीचे ब्रेक सतत दाबून ठेवले की लायनर तापतात, आणि एका तापमानानंतर पाय कितीही दाबा, गाडी धरत नाही. आधी जळका वास येतो, पेडल मऊ होतं, मग काहीच नाही. उपाय जुन्या ट्रकवाल्यांचा आहे, ज्या गिअरवर हा घाट चढला असता त्याच गिअरवर उतरायचा. उतार सुरू होण्याआधीच तिसरा किंवा दुसरा टाका, उताराच्या मध्यात गिअर टाकायला गेलात आणि तो बसला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. इंजिन घुर्र करतं, करू दे, ते गाडीला धरून ठेवतंय. ब्रेक दाबायचा तेव्हा नीट दाबून वेग दहाने कमी करायचा आणि पूर्ण सोडायचा, म्हणजे त्याला थंड व्हायला वेळ मिळतो. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर उतरणं म्हणजे विषाची परीक्षा घेणं, इंजिन बंद करून उतरलात तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टरही जातो. वास आला तर सुरक्षित जागा बघून थांबा, अर्धा तास थांबा, चाकावर पाणी मारू नका, तापलेलं लोखंड तडकतं.

पावसाळ्यात वेग अजून कमी, वाहत्या पाण्यात गाडी घालू नका, फूटभर वाहतं पाणी पण गाडी ढकलतं. कोकणात लाल मातीची साइडपट्टी वरून कडक दिसते आणि चाक गेलं की बसते, समोरून एसटी आली तर डांबर सोडायच्या आधी थांबून बघा.

दर दोन तासांनी उतरायचं. पहाटे तीन ते सहा झोप डोळ्यावर येते, चहाने जात नाही. पलंग आहेच गाडीत, उजेड असलेल्या पंपावर लावून तासभर झोपा.

मागे ट्रेलर जोडत असाल तर

आपल्याकडे कायाक, स्कूटर, जास्तीचं सामान यासाठी छोटे ट्रेलर हळूहळू दिसायला लागलेत. आधी गाडीचं मॅन्युअल उघडा, कंपनीने किती किलो ओढायला सांगितलंय तो आकडा बघा. आकडाच नसेल तर ओढू नका. हूक बंपरला वेल्ड केलेलं नको, चेसिसला बोल्टने बसवलेलं पाहिजे. ट्रेलरची स्वतःची नोंदणी, नंबर प्लेट, लाइट आणि विमा लागतो, आणि ट्रेलरमध्ये माणूस बसत नाही, दोन मिनिटांसाठी पण नाही.

ट्रेलरचं नाक म्हणजे पुढचा जोडायचा दांडा हुकावर किती वजन टाकतो यावर सगळं अवलंबून आहे. एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के नाकावर पाहिजे. ४०० किलोचा ट्रेलर असेल तर ४० किलो. मोजायला घरातला वजनकाटा घ्या, त्यावर हुकाच्या उंचीचा लाकडी ठोकळा ठेवा आणि नाक त्यावर टेकवा, ट्रेलर सपाट असला पाहिजे. सामान मागे भरलं तर नाक हलकं होतं आणि वेग वाढला की ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागतो. उलट नाक फार जड झालं तर गाडीची पुढची चाकं उचलतात. हे ४० किलो गाडीला नुसते ४० लागत नाहीत, दोन ॲक्सलमध्ये ३ मीटर अंतर आणि हूक मागच्या चाकापासून दीड मीटर मागे असेल तर मागच्या ॲक्सलवर ६० किलो वाढतात आणि पुढचे २० कमी होतात. म्हणून वजनकाट्यावर ट्रेलर जोडूनच जायचं.

जोडताना क्रम ठरवून ठेवा. गाडीच्या हुकाच्या बॉलवर ट्रेलरच्या नाकाचा कप बसला, कडी लॉक झाली, मग ट्रेलरचा जॅक पुन्हा वर करून बघायचा, गाडीचा मागचा भाग सोबत उचलला गेला तर नीट बसलंय. मग दोन साखळ्या नाकाखालून एकमेकींना छेद देऊन, म्हणजे हूक सुटलाच तर नाक रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतं. साखळी वळायला पुरेल एवढी सैल, पण जमिनीला घासणार नाही एवढी. मग वायर, आणि एकजण मागे उभा राहून ब्रेक लाइट, दोन्ही इंडिकेटर बघेल. दहा किलोमीटरवर थांबून परत सगळं हाताने हलवून बघा, पट्टे पहिल्या दहा किलोमीटरमध्येच सैल होतात.

ट्रेलर डुलायला लागला तर काळजाचा ठोका चुकतो आणि पाय आपोआप ब्रेकवर जातो. जाऊ देऊ नका. जोरात ब्रेक मारला तर ट्रेलर गाडीला बाजूने ढकलतो. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा, डोलण्याच्या उलट फिरवत बसू नका, वेग आपोआप उतरू दे. वेग वाढवून सरळ करायचा सल्ला लोक देतात, तो ऐकू नका. थांबल्यावर सामान पुढे सरकवा, कारण परत डुलणारच आहे.

रिव्हर्स घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा, ट्रेलर ज्या बाजूला न्यायचाय त्या बाजूला हात न्या. अगदी थोडं थोडं. घडी पडायला लागली की पुढे येऊन सरळ करा. मागे एकच माणूस उभा राहील जो आरशात दिसतो, तो दिसेनासा झाला की थांबायचं, आणि मुलं त्या वेळी गाडीत, बेल्टमध्ये.

बंद पडलेली गाडी ओढायची वेळ आली तर नियमाप्रमाणे दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, वेग ताशी २५ च्या आत, आणि मागच्या गाडीत लायसन्सवाला माणूस स्टिअरिंगवर. चावी ऑनवर ठेवा नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. ऑटोमॅटिक गाडी चाकांवर ओढू नका. कुटुंब घेऊन निघालेल्या कॅम्परने हायवेवर दुसऱ्याची गाडी ओढायला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करा, ॲम्ब्युलन्सला १०८, बाकी कशालाही ११२. आपलीच गाडी बंद पडली तर हॅझार्ड लाइट, मागे पन्नास पावलांच्या पुढे त्रिकोण, आणि सगळ्यांना रहदारी नसलेल्या बाजूने उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा. आत एसीत बसून वाट बघायची नाही, मागून येणारा ट्रक उभ्या गाडीवरच येतो.

मुक्कामाला पोचल्यावर हॅण्डब्रेक, पहिला गिअर, आणि चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे.

निघताना मी गाडीभोवती एक चक्कर मारते, पायरी आत, विजेची वायर काढलेली, छताचं झाकण बंद, सिलिंडर बंद, ठोकळे उचललेले, कप्प्यांच्या लॅच फिरवलेल्या. मोठी मुलगी सात वर्षांची आहे, तिच्याकडे बेल्टचं काम दिलंय. ती तिच्या सीटवर बसून एकेकाचं नाव घेते, बाबा, आजी, दादू, आणि ज्याने त्याने आपला पट्टा ओढून "लावला" म्हणायचं. सगळ्यात शेवटी "आई?" म्हणते. मी "लावला" म्हटल्याशिवाय चावी फिरत नाही.